पडद्यावरची गर्दी कुठून येते?

मालिकेत कोर्टाचा सीन लागला की एकदा वकिलाकडे न बघता त्याच्या मागच्या बाकांकडे बघा. पांढऱ्या साडीतल्या एक बाई, चष्मा लावलेले एक आजोबा, मांडीवर फाइल घेऊन बसलेला एक तरुण. निकाल ऐकून तिघं एकमेकांकडे बघतात, कुजबुजतात, पुन्हा समोर बघतात. त्या कुजबुजीत तोंडातून आवाज निघालेलाच नसतो. सकाळपासून तीच कुजबुज त्यांनी दहा-पंधरा वेळा केलेली असते. आणि त्या दिवसाचे पैसे हातात पडायला पुढचा महिना, कधी त्याच्याही पुढचा उजाडतो.

मुंबईच्या हिंदी-मराठी चित्रसृष्टीत या मंडळींना ज्युनिअर आर्टिस्ट म्हणतात. बाजारातली गिऱ्हाइकं, लग्नातले वऱ्हाडी, स्ट्रेचर ढकलणारे वॉर्डबॉय, मोर्चातले कामगार, दरबारातले मानकरी, अंत्ययात्रेतले शेजारी, अशी गोष्टीत नाव नसलेली जी जी माणसं लागतात ती सगळी यांच्यातून येतात. घरी बसून बघणाऱ्याला वाटतं की ही नट व्हायला आलेली आणि अजून संधी न मिळालेली पोरं असणार. काही जण तसे असतातही. पण या कामात वीस-वीस, तीस-तीस वर्षं काढलेली माणसं आहेत, आणि काहींच्या घरात आईनं किंवा वडिलांनीही हेच केलेलं असतं. त्यांच्या लेखी ही रोजंदारी आहे. तिचं वेगळं कसब आहे, वेगळे मध्यस्थ, वेगळी युनियन, वेगळे धोके. नटाच्या आणि ज्युनिअरच्या धंद्यात साम्य एवढंच की दोघं एकाच सेटवर असतात, असं माझं मत आहे. ते का, हे आधी काम बघितलं की कळेल.

सहायक दिग्दर्शक, म्हणजे सेटवरचा एडी, ज्युनिअरना जागा नेमून देतो. तू या खांबापासून त्या दारापर्यंत जायचं, तुम्ही दोघी भाजी निवडत उभ्या राहा, काका तुम्ही पेपर वाचा. कलाकारांच्या मागून किंवा कॅमेऱ्याच्या पुढून ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या वेगानं जाण्याला पासिंग म्हणतात. ‘रोल साउंड, रोल कॅमेरा’ झालं की नटांच्या ‘अ‍ॅक्शन’च्या आधी बॅकग्राउंडला इशारा मिळतो, कारण पहिलं वाक्य सुरू होताना रस्ता आधीपासून वाहता दिसायला हवा.

इथपर्यंत कोणालाही जमेल. कसब लागतं ते पुढे. एकच सीन निरनिराळ्या बाजूंनी घेतला जातो. आधी सगळं दिसेल असा मास्टर शॉट, मग नायकाचा क्लोज, मग नायिकेचा, मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा. एडिटिंगमध्ये वाक्याचा पहिला अर्धा भाग मास्टरमधून येणार आणि दुसरा क्लोजमधून. पहिल्यात निळ्या शर्टातला माणूस दारापाशी असेल आणि दुसऱ्यात पुन्हा खांबापाशी दिसला, तर शॉट वाया. म्हणून नायकाच्या कुठल्या शब्दाला आपण निघालो, पिशवी कोणत्या हातात होती, पेपरचं कुठलं पान उघडं होतं, हे ज्युनिअरला तासन्‌तास लक्षात ठेवावं लागतं. मुख्य कलाकारांची कंटिन्युइटी लिहून ठेवायला वही घेऊन एक माणूस बसलेला असतो. पन्नास ज्युनिअरची नोंद ठेवायला कोणी नसतो, ती त्यांच्याच डोक्यात असते. मुरलेला ज्युनिअर आणि काल आलेला पोरगा यांच्यातला फरक इथे दिसतो, आणि एडी तो पहिल्या तासात ओळखतो.

आवाजाची गंमत तर बघणाऱ्याला कधीच कळत नाही. सेटवरच संवाद रेकॉर्ड होत असतील तर बाकी कोणाचाही आवाज चालत नाही. बाजारात भाव करणाऱ्या बाया फक्त ओठ हलवत असतात. बांगड्या काढून ठेवलेल्या असतात, टाचा वाजणारी चप्पल बदललेली असते. पार्टीच्या सीनमध्ये सुरुवातीला थोडा वेळ गाणं वाजवतात, ताल कळला की बंद करतात, आणि मग नायक-नायिका मधोमध भांडत असताना मागे तीस-चाळीस माणसं पूर्ण शांततेत त्याच तालावर नाचत राहतात. गर्दीचा गलका नंतर स्टुडिओत भरला जातो. त्यांच्या हातातल्या ग्लासात कोल्ड्रिंक किंवा सरबत असतं, आणि तेही फक्त ओठांना लावायचं असतं. प्यायलं तर पातळी खाली जाणार आणि पुढच्या शॉटशी जुळणार नाही.

कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हा पहिला नियम सगळ्यांना माहीत असतो. दुसरा नियम कमी लोकांना माहीत असतो, तो म्हणजे स्टारकडेही बघायचं नाही. खऱ्या रस्त्यावर एवढा देखणा माणूस मोठमोठ्यानं भांडत असता तर लोक थांबून बघत राहिले असते. सिनेमातला रस्ता मात्र त्याच्याकडे दुर्लक्ष करत चालत राहतो. कोणी जास्तच नैसर्गिक वागून मान वळवून बघत राहिलं, तर कट.

आता या धंद्यातली सगळ्यात उलटी गोष्ट. ज्युनिअरचा चेहरा पडद्यावर स्पष्ट दिसला तर सेटवर म्हणतात, फेस रजिस्टर झाला. नटाच्या दृष्टीनं ही पर्वणी. ज्युनिअरच्या दृष्टीनं ही पंचाईत होऊ शकते. सोमवारी ती बाई नायिकेच्या लग्नात वधूमायच्या शेजारी ठळक दिसली, तर बुधवारी तिला त्याच मालिकेत हॉस्पिटलची नर्स म्हणून उभं करता येत नाही. मालिका रोज चालते, रोज कोणीतरी माणसं लागतात, आणि ज्याचा चेहरा प्रेक्षकाच्या लक्षात राहिला त्याला थोडे दिवस बाजूला बसवतात. म्हणून अनुभवी लोक पाठमोरं राहण्यात पटाईत असतात. मधल्या रांगेत उभं राहायचं, क्लोजच्या वेळी खांद्याआड सरकायचं. नवखा पोरगा मात्र धडपड करून पुढे येतो, घरी फोन करून सांगतो की आज मी दिसणार, आणि मग त्या सेटवरून आठवडाभर बोलावणं का आलं नाही याचा विचार करत बसतो.

याला अपवाद आहे. त्याच कोर्टात रोज तोच शिपाई, त्याच ऑफिसात रोज तोच क्लार्क लागतो तेव्हा एखाद्याला कंटिन्युइटीत धरतात. संवाद नसला तरी महिन्याला ठरावीक दिवस नक्की मिळतात. ज्युनिअरच्या आयुष्यात यापेक्षा मोठं भाग्य फारसं नसतं.

कोण कुठे उभं राहणार

ज्युनिअरची प्रतवारी लावली जाते, आणि ती ऐकायला बरी वाटत नाही. पंचतारांकित हॉटेल, विमानतळ, श्रीमंतांची पार्टी यासाठी लागणाऱ्यांना ‘डिसेंट’ म्हणतात. झोपडपट्टी, गाव, मोर्चा यासाठी वेगळी माणसं. डिसेंट वर्गाला दर जास्त मिळतो आणि कपडेही बहुतेकदा त्यांचे स्वतःचेच लागतात. म्हणून अशा माणसाच्या बॅगेत एक सूट, एक साधा शर्ट, एक कुर्ता असतोच. बाईच्या बॅगेत भरजरी साडी आणि घरातली सुती साडी. पोलीस, नर्स, मावळे, इंग्रज शिपाई असतील तर कपडे ड्रेसदादा देतो. उन्हाळ्यात फिल्मसिटीच्या मैदानावर अंगरखा, शेला आणि पागोटं घालून सहा तास उभं राहण्यात काय असतं ते त्या मावळ्यांनाच विचारावं.

प्रतवारी शेवटी रंग, उंची, चेहरेपट्टी यांवरच होते. गोऱ्या कातडीची किंमत या धंद्यात लपवूनही ठेवत नाहीत. कुलाब्यात कॉजवेवर फिरणाऱ्या परदेशी पर्यटकांना गाठून ‘उद्या शूटिंगला येणार का’ असं विचारणारे लोक वर्षानुवर्षं आहेत. अभिनयाचा गंध नसलेला पाठीवर पिशवी लावलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून जातो, गव्हर्नरच्या मेजवानीतला पाहुणा किंवा परदेशातला क्लबवाला होतो, आणि प्रवासवर्णनात लिहायला एक किस्सा घेऊन पुढच्या गावाला निघतो.

रिअ‍ॅलिटी शोमधले प्रेक्षक हा गर्दीचाच आणखी एक प्रकार. त्यातले बरेच जण पैसे देऊन आणलेले असतात. त्यांच्या टाळ्या, हसणं, डोळे पुसणं हे अनेकदा वेगळं शूट करून ठेवतात आणि एडिटिंगच्या वेळी हवं तिथे लावतात. विनोदाला हसलेली बाई त्या विनोदालाच हसली होती, याची खात्री नाही. बॅकग्राउंड डान्सर मात्र ज्युनिअरमध्ये मोडत नाहीत. त्यांची संघटना वेगळी, दर वेगळे, आणि तालीमही वेगळी.

पैसा कुठून कुठे जातो

निर्मात्याला उद्या ऐंशी माणसं हवी असतात. तो स्वतः ऐंशी फोन करत नाही. त्याचा प्रॉडक्शन कंट्रोलर सप्लायरला किंवा कोऑर्डिनेटरला सांगतो: चाळीस डिसेंट, तीस गाववाले, दहा म्हातारी माणसं, गोरेगाव, सकाळी सातचा कॉल. सप्लायरकडे फोटो आणि नंबर असतात. पूर्वी हे काम स्टुडिओच्या फाटकाशी आणि ठरलेल्या नाक्यांवर चालायचं, आता व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालतं. संध्याकाळी मेसेज पडतो, पहिल्या काही मिनिटांत ‘येतो’ लिहिणाऱ्यांची वर्णी लागते. मग पहाटे नालासोपारा, विरार, कल्याण, दिवा इथून लोकल पकडायची. मालिकांचे सेट गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, मढ बेटावर, मीरा रोडला, नायगावला, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर असे विखुरलेले आहेत. म्हणजे कामाइतकाच वेळ प्रवासात.

सिनेमाची शिफ्ट साधारण आठ तासांची धरतात, मालिकेची बारा. वर लागले तर ओव्हरटाइम, रात्री उशिरा पॅकअप झालं तर कन्व्हेयन्स म्हणजे घरी जायचं भाडं. दर संघटना आणि निर्मात्यांच्या संस्था यांच्यातल्या करारानं ठरतात. पण करारातला दर आणि हातात पडणारी रक्कम यांच्यामध्ये सप्लायर उभा असतो. तो आपलं कमिशन कापतो, आणि बिल निर्मात्याकडून सुटेपर्यंत थांबायला लावतो. टीव्हीत नव्वद दिवसांनी पैसे देण्याची पद्धत मोठ्या कलाकारांनाही छळते. त्यांच्याकडे निदान करार असतो. ज्युनिअरकडे बहुतेकदा एका व्हाउचरवरची सही आणि सप्लायरचा शब्द. मधेच मालिका बंद पडली, निर्मात्यानं हात वर केले, तर पैसे नेमके कोणाकडे मागायचे इथूनच भांडण सुरू होतं.

सप्लायरला सरसकट खलनायक ठरवणंही सोपं आहे, आणि ते मला पटत नाही. रात्री दहाला मागणी आली तरी सकाळी सातला ऐंशी माणसं उभी करणं, त्यातली पाच आली नाहीत तर नवी शोधणं, अडीअडचणीला उचल देणं हे तोच करतो. त्याच्या हातात सगळी सूत्रं असणं ही खरी अडचण आहे. ज्यानं हिशेब मागितला त्याला उद्याचा मेसेजच येत नाही. हॉलिवूडमध्ये हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी होता. एक्स्ट्रांकडून पैसे उकळणाऱ्या खासगी एजन्सींना आळा घालायला तिथल्या निर्मात्यांच्या संघटनेनं १९२५ मध्ये सेंट्रल कास्टिंग ही एकच नोंदणी संस्था काढली. मुंबईत तसं एक मध्यवर्ती दार कधी झालं नाही. इथे ती जागा युनियननं घ्यायची होती.

कार्ड, कायदा आणि कागद

पुरुषांसाठी ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन आणि स्त्रियांसाठी महिला कलाकार संघ अशा दोन जुन्या संघटना आहेत. दोन्ही फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज या महासंघाला जोडलेल्या. लाइटमन, स्पॉटदादा, मेकअप, ड्रेस अशा चित्रसृष्टीतल्या बहुतेक कामांच्या संघटना याच छत्राखाली आहेत. सभासदाला कार्ड मिळतं. कार्ड असलं की ठरलेला दर मागता येतो, पैसे अडकले तर तक्रार करता येते, अपघात झाला तर कोणीतरी बोलायला असतं. कार्डाचे पैसे भरायचे असतात आणि ते केव्हाही मागाल तेव्हा मिळत नाही. म्हणून बिनकार्डाचे लोक कमी पैशात काम करतात, आणि निर्मात्याला तेच हवे असतात.

युनियनची ताकद दोन्ही बाजूंनी चालते. कार्ड नसलेल्यांना सेटवर काम करू द्यायचं नाही, यासाठी संघटनांची पथकं सेटवर तपासणीला जायची. एका निर्मात्याच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगानं २०१७ मध्ये महासंघ आणि त्याच्या संघटनांची अशी बंधनं स्पर्धाविरोधी ठरवली. त्याआधी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, स्त्रियांना मेकअपचं कार्ड न देणाऱ्या संघटनेला चपराक दिली होती. म्हणजे कार्ड ही कामगाराची ढालही आहे आणि बाहेरच्याला अडवणारं फाटकही. कुठली बाजू तुम्हाला दिसते ते तुम्ही फाटकाच्या आत आहात की बाहेर यावर ठरतं.

कायदा नाही असं नाही. १९८१ च्या सिनेकामगार कायद्यानं चित्रपटातल्या कामगाराशी लेखी करार करणं बंधनकारक केलं आणि किमान तीन चित्रपटांत काम केलेल्याला भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात आणलं. पण तो कथाचित्रपटापुरता होता. जाहिराती त्यातून सरळ वगळलेल्या, आणि मालिकांचा पसारा तर तेव्हा जन्मायचाच होता. २०२० च्या व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनं जुना कायदा मोडीत काढून दृकश्राव्य कामगार अशी व्यापक व्याख्या आणली. मालिका, वेबसिरीज, डिजिटल कार्यक्रम सगळे त्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाली. एका दिवसासाठी आलेल्या ऐंशी लोकांशी ऐंशी लेखी करार होतील का, याचं उत्तर कुठल्याही सेटवर एक सकाळ उभं राहून मिळेल.

मुलांच्या बाबतीत मात्र नियम बरेच स्पष्ट आहेत. बालकलाकाराला, गर्दीतला असला तरी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करायला लावता येत नाही, सलग तीन तासांनी विश्रांती द्यावी लागते, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मिळकतीतला किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावानं बँकेत ठेवावा लागतो. मुलाला शूटिंगला नेणाऱ्या आईवडिलांपैकी किती जणांनी तो पाचवा हिस्सा मागितला असेल, हे एकदा विचारून बघायला हवं.

यातून नट होता येतं का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा एकांकिका स्पर्धा गाजवलेला, पुण्याहून किंवा नगरहून आलेला मुलगा असतो. नाटकात मॉबमध्ये उभं राहून सुरुवात केलेली असते, तेव्हा सिनेमातही तसंच असेल असा हिशेब. नाटकात हे चालतं, कारण मॉबमधला पोरगा महिनाभर तालमीला असतो. दिग्दर्शक त्याला रोज बघतो, एखाद्याची दांडी पडली की त्याला उभा करतो. सिनेमाच्या सेटवर दिग्दर्शक ज्युनिअरशी बोलतच नाही. एडी बोलतो, तोही नावानं नाही, शर्टाच्या रंगानं.

उदाहरणं आहेत. बदरुद्दीन काझी नावाचा बेस्टचा कंडक्टर गर्दीत उभा राहायचा. बलराज साहनींच्या नजरेत भरला, आणि १९५१ च्या ‘बाजी’पासून जॉनी वॉकर म्हणून घराघरांत पोहोचला. शाहिद कपूर ‘ताल’मध्ये मागच्या नाचणाऱ्यांत होता, पण त्याच्या घरात अभिनय आधीपासून होता, आणि डान्सरची वाटच निराळी. अशी नावं पुन्हा पुन्हा तीच का सांगितली जातात? कारण नवीन फारशी सापडत नाहीत.

कारण रचनेतच आहे. बोलणाऱ्या कलाकारांचं कास्टिंग वेगळ्या माणसांकडून होतं. वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये ऑडिशन देणारा आणि सप्लायरच्या ग्रुपवर ‘येतो’ लिहिणारा, हे दोघं एकमेकांच्या रस्त्यावर येत नाहीत. कलाकारांची संघटनाही वेगळी, सिंटा. सेटवर कधीकधी एखाद्या ज्युनिअरला ‘साहेब, बाहेर गाडी आलीये’ एवढं वाक्य मिळतं, त्या दिवसाचे पैसे वाढतात, पण त्यातून पुढचं वाक्य मिळेलच असं नाही. उलट कास्टिंगवाले फोटो बघून ‘हा तर ज्युनिअर आहे’ म्हणून बाजूला ठेवतात, ही भीती खरी आहे. म्हणून अभिनय करायचा असेल तर मी सरळ सांगतो: कॅमेरा, लाइट, शिस्त समजायला चार-सहा वेळा हौसेनं जा. त्यावर पोट चालवायला लागू नका. भाडं द्यायचंच आहे तर दुसरी नोकरी बघा आणि संध्याकाळ तालमीसाठी ठेवा.

मुंबईबाहेर हे चित्र थोडं वेगळं आहे. वाई आणि शेजारचा मेणवलीचा घाट इतक्या चित्रपटांत येऊन गेला आहे की तिथल्या लोकांना शूटिंगचं अप्रूप राहिलेलं नाही. ‘गंगाजल’मध्ये वाई बिहारचं गाव झाली, ‘स्वदेस’मध्ये मेणवली उत्तरेतलं खेडं. गर्दीसाठी मुंबईहून माणसं आणणं महाग पडतं, म्हणून गावातलाच कोणीतरी सप्लायरचं काम करू लागतो. कोल्हापुरात तर चित्रपटाची परंपरा बाबूराव पेंटरांपासूनची. मराठी मालिका सातारा, कोल्हापूर, नाशिक भागात शूट व्हायला लागल्यापासून शेतीच्या कामातून सुटलेल्या हातांना चार दिवस हेही काम मिळतं. त्यांना कार्ड नसतं, आणि ते त्याच्या मागेही लागत नाहीत.

गर्दी संगणकातून आली तर?

३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत राजपथावर ‘गांधी’ चित्रपटातली अंत्ययात्रा चित्रित झाली तेव्हा सुमारे तीन लाख माणसं जमली होती. त्यातल्या नव्वद हजारांहून अधिकांना थोडे पैसे मिळाले, बाकीचे आपणहून आले. अकरा पथकांनी केलेल्या त्या शूटिंगमधून चित्रपटात राहिली सव्वादोन मिनिटंसुद्धा नाहीत. एवढी गर्दी पुन्हा कोणी जमवणार नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी बनलेल्या मॅसिव्ह या सॉफ्टवेअरनं हजारो आकृत्यांना आपापल्या बुद्धीनं लढायला लावलं, आणि तेव्हापासून युद्धात पुढच्या दोन रांगा माणसांच्या आणि मागच्या वीस संगणकाच्या, ही रीत पडली. आपल्याकडेही पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांत पन्नास माणसं जागा बदलून पुन्हा पुन्हा शूट करतात आणि त्यांची पाच हजार करतात. पैसे पन्नासांचेच.

पुढची पायरी म्हणजे माणसालाच स्कॅन करून ठेवणं. २०२३ मध्ये अमेरिकेत कलाकारांचा संप ११८ दिवस चालला, त्यात बॅकग्राउंड कलाकारांचा मुद्दा अगदी पुढे होता. एका दिवसाचे पैसे देऊन शरीर स्कॅन करायचं आणि ते कायम वापरायचं असा निर्मात्यांचा प्रस्ताव होता, असा युनियनचा आरोप होता. निर्मात्यांनी तो नाकारला. तडजोडीत संमती आणि मोबदल्याच्या अटी आल्या. मुंबईत हा विषय अजून व्हाउचरच्या बारीक अक्षरात शिरायचा आहे, पण शिरायला वेळ लागणार नाही.

संगणकाला मात्र एक गोष्ट अजून स्वस्तात जमत नाही: कोर्टातल्या बाकावरचे ते तिघं. लांबची गर्दी यंत्र बनवेल. नायिकेच्या मागे दोन हातांवर बसलेलं, योग्य क्षणी पापणी हलवणारं म्हातारं माणूस बोलावणंच सध्या परवडतं. म्हाताऱ्यांची गरज किती आहे ते २०२० मध्ये दिसलं. कोविडनंतर शूटिंग सुरू करताना राज्य सरकारनं ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर बंदी घातली. छोट्या भूमिका करून पोट भरणाऱ्या एका सत्तर वर्षांच्या कलाकारानं उच्च न्यायालयात विचारलं की याच वयाचा माणूस दुकान उघडू शकतो तर मी काम का करू शकत नाही. त्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं ती अट रद्द केली.

पहिल्यांदा या कामाला जाणार असाल तर थोडं ध्यानात ठेवा. रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ, ‘कार्ड काढून देतो’ या नावाखाली काम मिळण्याआधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. संघटनेचं कार्ड संघटनेच्या कार्यालयातच मिळतं. निघण्याआधी दर, शिफ्टचे तास, पैसे किती दिवसांनी आणि कोण देणार, रात्री पॅकअप झालं तर सोडायची सोय काय, हे मेसेजवर लिहून घ्या, म्हणजे पुरावा राहतो. कॉल कुठला, कोणासोबत, हे घरी सांगून जा. ज्या दिवशी काम केलं त्याची तारीख, सेट आणि सप्लायर यांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. तीन महिन्यांनी हिशेब करायला बसाल तेव्हा सप्लायरच्या वहीत काय लिहिलंय ते त्यालाच माहीत असेल. आणि सेटवर कोणी शरीराचं स्कॅनिंग करायचं म्हणालं, तर ते कुठल्या कामासाठी, किती काळ वापरणार आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे सही करण्याआधी विचारा. उत्तर तोंडी मिळालं तर ते कागदावर मागा.